गोपाळरावांच्या खिशातली गल्ली

गोपाळरावांच्या शर्टाच्या खिशात 'टिंग' वाजलं, की मेहकरातल्या पाण्याच्या टाकीमागची अख्खी गल्ली हातातलं काम थांबवून कान द्यायची. पोळीवरचं लाटणं हवेत राहायचं, नळाचं पाणी हंड्याबाहेर जायचं. कारण ते टिंग कोणाचं, हे फक्त गोपाळरावांनाच माहीत. आणि ते सांगायला गोपाळराव निघालेच समजा. चपला घालणार, दाराशी एकदा खाकरणार, मोबाईल हातभर लांब धरून वाचणार, आणि ज्याचं टिंग त्याच्या दारात जाऊन उभे राहणार.

"मंजुळाबाई, आले बरं तुमचे."

रक्कम मात्र ते मोठ्यानं सांगत नसत. पैशाचं बोलणं चारचौघांत करू नये, असे त्यांच्यावर संस्कार. ते तोंडाला हात लावून, खाली वाकून, मंजुळाबाईंच्या कानात सांगत. आता मंजुळाबाईंना ऐकू कमी येतं, हा काही गोपाळरावांचा दोष नाही. एकदा सांगून कळलं नाही तर दुसऱ्यांदा जरा जोरात, मग आणखी जोरात, आणि टाकीवरची कबुतरं उडाली की समजायचं, मंजुळाबाईंपर्यंत पोचलं. तोवर ते गल्लीलाही पोचलेलं असायचं. पण गल्लीनं ते आपणहून ऐकलं, गोपाळरावांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा होता.

हे सगळं सुरू झालं एका रिकाम्या रकान्यामुळे. गोपाळराव शाळेत वरिष्ठ लिपिक. रिकामा रकाना त्यांना बघवत नाही. एकदा हॉटेलात जेवायला गेले, तर अभिप्रायाच्या कागदावर 'तक्रार' पुढे 'निरंक' आणि 'सूचना' पुढेही 'निरंक' लिहून, खाली सही-तारीख घालून आले. तर काही वर्षांपूर्वी गल्लीत बँकेचं खातं उघडायचं शिबिर लागलं आणि बायकांचे फॉर्म भरायला अर्थातच गोपाळराव बसले. नाव झालं, पत्ता झाला, आणि पेन 'मोबाईल क्रमांक' या रकान्याशी येऊन अडलं. बायकांकडे तेव्हा कुठला मोबाईल? दुसरा कोणी असता तर रेघ ओढून मोकळा झाला असता. गोपाळरावांनी आपला नंबर लिहिला. बायकोच्या फॉर्मवर लिहिला, मंजुळाबाईंच्या लिहिला, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या पंचफुलाच्या लिहिला, आणखी दोघी-तिघींच्या लिहिला. कोणी काही विचारलं नाही. त्यांनीही कोणाला विचारलं नाही. रकाने भरले, विषय संपला.

आणि तो तसाच संपलेला राहिलाही असता, पण प्रेमलाबाईंना शेवयांचं मशीन घ्यायचं होतं.

प्रेमलाबाई म्हणजे गोपाळरावांच्या पत्नी. त्यांच्या शेवया मेहकरच्या बाहेरही जातात. आजवर सगळं बाजेला बांधलेल्या हातमशीनवर चालायचं. ते फिरवून फिरवून त्यांचा उजवा खांदा असा काही दुखायचा, की वेणी घालायलासुद्धा हिमानीला हाक मारावी लागायची. होळीनंतर गल्लोगल्ली शेवया सुरू होतात. त्याआधी विजेवरचं मशीन आलं तर आलं. नाहीतर यंदाचा उन्हाळा पुन्हा त्याच खांद्यावर. बाजारातली बँक अशा मशीनला कर्ज देते, हे हिमानीनं शोधून काढलं. हिमानी त्यांची मुलगी, अकरावीत. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून ती साधं "आई, चहा" सुद्धा 'व्यासपीठावरील मान्यवर' असल्यासारखं म्हणायची.

तिघं बँकेत गेले. गोपाळरावांच्या काखेत फाईल. आठवडाभर खपून त्यांनी ती सजवली होती. दुसऱ्या बँकेतल्या, म्हणजे शिबिरवाल्या बँकेतल्या प्रेमलाबाईंच्या खात्याचे कागद, त्यावर शिक्के, शिक्क्यांच्या झेरॉक्सा, आणि झेरॉक्सांवर पुन्हा शिक्के. कर्जाच्या टेबलाशी महामाया मॅडम होत्या, संग्रामपूरकडच्या, हिमानीच्या मोठ्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या. त्यांनी फाईल हातात घेतली, तिचं वजन केल्यासारखं केलं आणि न उघडता टेबलाच्या कडेला ठेवली.

"सर, हे राहू द्या. हे खरं का खोटं ते आम्हाला त्या बँकेला विचारावं लागते. पत्र जाते, उत्तर येते, तवर होळी येऊन जाते. ताईंनी मोबाईलवर सहमती दिली, तर ती बँक आम्हाला खात्याचा उतारा थेट दाखवते."

गोपाळरावांचा चेहरा असा झाला, जसा नवरदेवाला मांडवाबाहेर थांबायला सांगितल्यावर व्हावा. "अन् शिक्का?"

"शिक्का लागत नाही."

"पैसे?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"पैशाला हात लागत नाही, ताई. नुसतं दिसते. काय दाखवायचं, कशासाठी, अन् कधीपर्यंत, ते सगळं लिहून येते. पटलं तर हो म्हणायचं. पुढं नको वाटलं तर बंद करायचं."

प्रेमलाबाईंनी जरा विचार केला. "मंजे गच्चीवरच्या वाळवनासारखं. बाया येतात, पाहून जातात, हात कोनी लावत नाही. अन् आपल्याले वाटलं त वरतून लुगडं टाकून देतो."

"अगदी तसंच," महामाया मॅडम म्हणाल्या, आणि हिमानीला वाटलं की आपलं दहा मिनिटांचं तयार भाषण आईनं तिथल्या तिथं वाया घालवलं.

प्रेमलाबाईंनी आपला मोबाईल काढला. मागच्या दिवाळीला शेवयांच्या पैशातून घेतलेला, गुलाबी कव्हरचा. हिमानीनं दाखवलं तसं त्यांनी एकेक दाबलं. गोल फिरलं, फिरलं, आणि अक्षरं आली. प्रेमलाबाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"या क्रमांकावर कोनतंही खातं आढळलं नाही."

"खात्यावर दुसरा नंबर असंल ताई," महामाया मॅडम म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हा, साऱ्या बँकेला ऐकू जाईल असं, गोपाळरावांच्या खिशात टिंग वाजलं. माणूस सवयीचा गुलाम. त्यांनी मोबाईल काढला, हातभर लांब धरला, वाचला आणि बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "तुयेच आले. चिखलीवाल्या दुकानदारानं टाकले."

घरी येईपर्यंत प्रेमलाबाई दोन पावलं पुढेच चालत होत्या. ओट्यावर चढल्यावर त्या एवढंच बोलल्या. "खातं माया नावाचं, खांदा मायाच दुखते, अन् सापडाले गेलं त सापडते तुमच्या खिशात."

गोपाळरावांना यात आपली चूक काय, ते कळेना. खिसा सांभाळला हीच का?

शेजारच्या ओट्यावर पंजाबराव होते. ते एसटीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून गल्लीच्या सल्लागारपदावर रुजू झालेले. या पदाला पगार नसला तरी रजाही नाही.

"करू नका बे असलं काही," ते म्हणाले. "आज उतारा पाहतीन, उद्या तिजोरी पाहतीन. मोबाईलवरून काहीच कोनाले सांगायचं नाही. मी त सख्ख्या भावालेबी सांगत नाही."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सिलेंडरची गाडी थांबली. "पंजाबराव, मोबाईलवरचा नंबर सांगा," गाडीवाला ओरडला. पंजाबरावांनी ओट्यावरूनच चारी आकडे खणखणीत आवाजात सांगितले. त्याला ऐकू गेले नाहीत, म्हणून समोरच्या घरातल्या पोरांनी ते सुरात म्हणून दाखवले.

"तर काय सांगत होतो," पंजाबराव गोपाळरावांकडे वळले, "सावध राहायचं."

हिमानीचं म्हणणं असं, की आईचा नंबर खात्यावर चढवायचा अर्ज द्यावा. गोपाळरावांनी मनात हिशेब केला. अर्ज, मग फोटो, मग मोठे साहेब रजेवर, होळी गेलीच. त्यापेक्षा नंबर आपलाच आहे, मोबाईल आपलाच आहे, बायकोही आपलीच आहे. तिचं तोंड हसरं करायचा असा सरळ रस्ता असताना वळसा कशाला? दुसऱ्या दिवशी हिमानी कॉलेजात आणि प्रेमलाबाई गच्चीवर असताना त्यांनी बँकेला फोन लावून सहमतीचा निरोप आपल्या नंबरवर मागवला आणि चष्मा पुसून बसले.

गोल फिरलं. आणि या वेळी खातं सापडलं. एक नाही, पाच-सहा सापडली. नावं नव्हती, नुसते शेवटचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक छोटा चौकोन.

रिकामा.

आता इथं गोपाळरावांना समजून घ्यायला हवं. यातलं प्रेमलाचं कोणतं, हे पासबुक काढून बघता आलं असतं. पण समोर रिकाम्या चौकोनांची रांग होती आणि 'निरंक' लिहायची सोय नव्हती. त्यांनी पहिल्यात खूण केली. बरं वाटलं. दुसऱ्यात केली, आणखी बरं वाटलं. शेवटच्या चौकोनात खूण पडली तेव्हा त्यांना असं समाधान मिळालं, जसं पट पूर्ण भरल्यावर मिळतं. मग लागोपाठ टिंग टिंग टिंग वाजलं, गल्लीनं लाटणी थांबवली, गोपाळरावांनी आलेले आकडे भरले आणि 'सहमती आहे' वर बोट ठेवलं. कोणाची सहमती, हे त्या बोटाला कुठं माहीत होतं.

दोन दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. गोपाळराव इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारच्या खुर्चीत बसले. फाईल सोबत होतीच. आपण केलेलं काम आता उघड होणार आणि प्रेमला आपल्याकडे वळून बघणार, या विचारानं त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या.

"ताई," महामाया मॅडम म्हणाल्या, "तुम्ही अंगणवाडीत मदतनीस आहात, हे सांगितलं नाही."

"मी?"

"अन् तुमचं दूध डेअरीला जाते."

"कोनतं दूध? आमीच समोरून अर्धा लिटर घेतो."

मॅडमनी कॉम्प्युटरकडे बघितलं, गोपाळरावांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "अन् तुम्हाला विधवेची पेन्शन येते."

पाणी घेऊन आलेला शिपाई ग्लास हातात धरून गोपाळरावांकडे बघत राहिला. गोपाळरावांनी नकळत डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून खात्री करून घेतली.

"सर, तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी मिस्टर."

"कोणाचे?"

प्रेमलाबाई हळूच वळल्या. गोपाळरावांना हवं होतं तसंच वळून त्यांनी बघितलं, पण नजर त्यांना हवी होती तशी नव्हती. मग सगळं बाहेर आलं: शिबिर, रकाना, चौकोन.

महामाया मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ताईंच्या कर्जासाठी तुम्ही दुसऱ्या बायकांची खाती दाखवली, सर. त्याहीले माहीत पण नाही. मी आमच्याकडचं आत्ता काढून टाकते. तुम्ही तुमच्याकडून सहमती रद्द करा. अन् घरोघर जाऊन त्याहीले सांगा."

रद्द करायला बोटभर वेळ लागला. सांगायला मात्र गोपाळरावांना गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभं राहावं लागलं. ज्या दारांत ते रोज टिंग घेऊन जात, त्याच दारांत आता रिकाम्या हातानं जायचं होतं. सवयीनं ते खाकरले. मंजुळाबाई लगेच बाहेर आल्या.

"आले काय?"

"नाही आले. माझ्याकून चूक झाली, मंजुळाबाई. तुमचं खातं बँकेच्या बाईनं पाह्यलं." हे तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा कबुतरं उडाली.

मंजुळाबाईंनी विचार केला. "मंग आता वाढवून देतात काय?"

"नाही."

"मंग पाहून काय फायदा," म्हणत त्या आत गेल्या.

पंचफुलाच्या दारात मात्र असं झालं नाही. ती निवडत असलेल्या मेथीची जुडी मांडीवर घेऊन सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "गोपाळभाऊ, इचारलं असतं त मी हाव म्हनलं असतं. तुमाले कवा नाही म्हनलं म्या?" गोपाळराव काही बोलणार, तर तिनं पुढं म्हटलं, "पन इचाराचं त होतं." आणि मेथी घेऊन ती आत गेली. दार आपटलं नाही. नुसती कडी लागली. गोपाळरावांना वाटलं, त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

त्या संध्याकाळी ताटात आवडीची शेवयांची खीर होती आणि ते चमचा फिरवत बसले होते. हिमानीपाशी या प्रसंगावर एक उत्तम भाषण तयार होतं. बाबांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि त्यांच्या वाटीत आणखी खीर वाढली.

"त्या दिशी तो रकाना रिकामा सोडला असता, त काय झालं असतं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"फॉर्म वापस आला असता."

"मंग येऊ द्याचा. आमी इचार केला असता." आणि मग जरा थांबून, आवाज मऊ करून, "खीर खा. मी काही पेन्शन घेऊन नाही राह्यली अजून."

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांनी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तर तो तसाच सोडला. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे ना म्हणून. मग ते शिबिरवाल्या बँकेतून नंबर बदलायचे अर्ज घेऊन आले आणि दारोदार विचारत फिरले. "तुमचा नंबर खात्यावर चढवायचा काय? पाह्यजे असंन तरच." शेवटचं दार पंचफुलाचं.

"अन् नाही म्हनलं त?" तिनं चौकटीत उभं राहून विचारलं.

"त नाही. अर्ज ठेवून जातो. नाहीतर तोबी नेतो."

पंचफुलानं त्यांच्याकडे बघितलं, आणि चपला पायात सरकवल्या. "चला."

बँकेत त्या दिवशी आधी लिंक नव्हती. लिंक आली तेव्हा साहेब जेवायला गेले होते. साहेब आले तेव्हा कळलं की फोटो लागतो. फोटो काढून परत येतात तर मंजुळाबाईंना स्वतःचा नंबर माहीत नाही. मोबाईल नातवानं पुण्याहून पाठवलेला. त्यांनी प्रेमलाबाईंना मिसकॉल दिला, तेव्हा तो कळला. मंजुळाबाई एकेक आकडा कोरल्यासारखा काढू लागल्या. मागे रांग वाढली.

"सर, तुम्ही पटकन भरून द्या ना त्यांचं," खिडकीतला साहेब गोपाळरावांना म्हणाला.

गोपाळरावांचे हात शिवशिवले. पेन खिशातच होतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. "नाही साहेब. ज्याचा नंबर त्यानंच लिहावा." मंजुळाबाईंनी सात उलटा काढला, खोडला, पुन्हा काढला. गोपाळरावांना घाम आला, पण हात मागेच राहिले. पंचफुला ते बघत होती. तिनं आपला अर्ज पूर्ण केला आणि त्यांच्यापुढे धरला. "पाहा बरं बरोबर हाये काय. मी म्हनते म्हनून पाहा."

नंबर चढले. मग एका दुपारी प्रेमलाबाई गच्चीवर, वाळत घातलेल्या शेवयांच्या शेजारी, गुलाबी मोबाईल घेऊन बसल्या. काय दाखवायचं, कशासाठी, कधीपर्यंत, हे सगळं त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'कधीपर्यंत' दोनदा वाचलं. चौकोन एकच होता. त्यांनी त्यात स्वतः खूण केली आणि मग नवऱ्याकडे बघून हसल्या. "सापडली मी."

मशीन होळीच्या आधी आलं, टेम्पोतून, पोत्यात गुंडाळलेलं. नारळ फुटला. पहिल्या शेवया सुतळीएवढ्या जाड निघाल्या, तरी गल्लीनं त्या दुधात घालून संपवल्या. प्रेमलाबाईंनी त्या दिवशी उजव्या हातानं स्वतःची वेणी घातली. पंचफुलानं सहमती कशी देतात ते त्यांच्याकडून शिकून घेतलं; तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. पंजाबराव "मी आपलं नुसतं पाह्याले आलो" म्हणत तिच्या मागे उभे राहिले, आणि आठवड्याभरात साऱ्या गल्लीला समजावू लागले, की दार उघडलं तरी कडी आपल्याच हातात असते. जणू हे वाक्य त्यांना एसटीत असतानाच सुचलं होतं.

गोपाळरावांचा खिसा मात्र गप्प झाला. दोनदा त्यांनी मोबाईल बंद करून चालू केला. एकदा दुकानात नेऊन दाखवला. "काही बिघाड नाही काका," दुकानदार म्हणाला. शाळेतून आल्यावर ते ओट्यावर बसत. टिंग वाजायचं, पण दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या हातात. चपला घालायचं काही कारण उरलं नव्हतं. आपण गल्लीला लागत होतो, ते फक्त नंबरापुरतं, असं त्यांना वाटू लागलं. असं वाटणं फार वाईट. ते कोणाला सांगताही येत नाही.

आणि मग एका संध्याकाळी समोरून मंजुळाबाई येताना दिसल्या. हळूहळू, मोबाईल पदरात गुंडाळून. गोपाळरावांच्या ओट्यापाशी येऊन त्या थांबल्या आणि खाकरल्या. गोपाळराव उठून उभे राहिले.

"गोपाळभाऊ, आले बरं माये."

मग त्यांनी तोंडाला हात लावला, वाकल्या, आणि रक्कम गोपाळरावांच्या कानात सांगितली. ज्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, त्यांचं कानातलं बोलणं कसं असतं ते मेहकरला ठाऊक आहे. टाकीवरची कबुतरं एकदम उडाली. पलीकडे पंचफुलाचं लाटणं थांबलं.

"हळू बोला, मंजुळाबाई," गोपाळराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून ते चष्मा पुसू लागले. "पैशाचं बोलनं हाये."

"तुमाले सांगतल्याबिगर आल्यासारखे वाटत नाहीत, बाप्पा."

गोपाळरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आत स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "प्रेमलाले सांगू काय?"

मंजुळाबाईंनी पदर सावरत चांगला विचार केला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पन आजच्या दिवसच."